पेठेची गवाही

आमच्या पेठेत कुणीच मूळचं तिथलं नव्हतं. वेशीच्या आतले लोक आम्हाला ‘बाहेरचे’ म्हणायचे आणि ते खोटंही नव्हतं. बिदरहून हुमनाबादकडं जाणाऱ्या सडकेला लागून, तालुक्याच्या गावाच्या वेशीबाहेर वसलेली ती तीसेक घरं. जुन्या गावात जागा उरली नाही म्हणून आधी तहसील कचेरीतले कारकून तिथं राहायला आले, मग त्यांना तेल-मीठ लागतं म्हणून दुकानदार आले, आणि दुकानं आली म्हटल्यावर बाकीचे आपोआप आले. नाव पडलं नवी पेठ. ती जुनी झाली तरी नवीच राहिली.

माझे बाबा कचेरीत कारकून. दिवसभर उर्दूत लिहायचे, घरी येऊन मराठीत चिडायचे. आमचं मूळ गाव हळ्ळीखेडच्या पुढं, पण तिथं आता शेताचा एक तुकडा आणि भाऊबंदांची तोंडं एवढंच उरलं होतं. शेजारी कोहिनूर गावाहून आलेलं शेतकऱ्याचं घर, ते शेंगांचा व्यापार करायचं. त्यापलीकडं तेलाचा घाणा. घाण्याच्या घरची अव्वा दुबलगुंडीची. तिचं घर कानडी बोलायचं, पण अव्वाला मराठी, कानडी, दखनी तिन्ही भाषा यायच्या आणि ती त्या एकाच वाक्यात वापरायची. भांडण कानडीत सुरू झालं तरी शिव्या दखनीतच द्यायच्या असा पेठेत अलिखित कायदा होता, कारण दखनीत शिवीसुद्धा जेवायला बोलावल्यासारखी लागते.

आणि आमच्या दारासमोर, बोळ ओलांडला की चाचीचं घर. चाची मणेरीण. चाचा खेड्यापाड्यांच्या बाजारांत बांगड्या विकत फिरायचे आणि चाची घरात बसून पेठेतल्या सगळ्या बायकांना बांगड्या भरायची. तिला मूलबाळ नव्हतं. ती बोटं अशी काही दाबायची की हात केवढाही असो, बांगडी पाण्यातून जावी तशी मनगटावर जायची. मी पुढं मोठमोठ्या शहरांत बांगड्या भरल्या, पण सगळीकडं नुसता हात सोलून निघाला.

पेठेत नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या दिवशी त्यांची चूल पेटू द्यायची नाही, ही आमची रीत. आई सांगायची, आमचं बिऱ्हाड पहिल्यांदा आलं तेव्हा सामान उतरायच्या आत तीन घरांतून भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी आली. तिन्ही घरची पुंडीच. आमचं घर सोवळ्याओवळ्याचं, त्यामुळं कुणाच्या घरचं चालतं आणि कुणाच्या घरचं चालत नाही याचा आई विचार करत बसली, तोवर बाबांनी दोन भाकऱ्या संपवल्या होत्या. त्यांना भूक लागली होती. आई म्हणायची, “त्या दिवशी आमचं सोवळं गेलं ते गेलंच, आन वरीसभर पुंडीचं नाव काढलं तरी मळमळायचं ते निराळंच.”

हे सगळं मी हसत सांगते आहे खरी, पण मला त्या पेठेची अजून इतकी आठवण येते की कधीकधी घास उतरत नाही. सकाळी दार उघडलं की अव्वा समोरून विचारायची, “ऊट आतेनु?” जेवण झालं का, हा प्रश्न दात घासायच्या आधी विचारणारी ती एकटीच बाई मी पाहिली. कुणाचंही पोर कुणाच्याही घरात झोपायचं आणि आया संध्याकाळी हाका मारत फिरायच्या. आता तिथं गाव पसरलं आहे आणि पेठ कुठं सुरू होते हे सांगता येत नाही.

पण मला सांगायचं आहे ते गवाहीबद्दल.

मुलीला बघायला पाहुणे आले की इतर गावांत काय करतात? मुलीच्या भाऊबंदांकडं चौकशी करतात. घराणं कसं, मुलगी कशी, खोड काय. आमच्या पेठेत भाऊबंद होते कुणाला? सगळे आपापली गावं सोडून आलेले. म्हणून मग पेठच भाऊबंद झाली. मुलगी बघून झाली की शब्द देण्याआधी पाहुण्यांना पेठेतून फिरवायचं. ओळीनं तीन-चार घरांच्या ओट्यावर त्यांना बसवायचं, आणि प्रत्येक घरानं मुलीबद्दल एक गोष्ट सांगायची. याला गवाही म्हणायचे. हा शब्द कचेरीतून आला होता, पण कचेरीत जितकं खोटं चालायचं त्याहून जास्त इथं चालायचं. मुलगी काळी असली तर गव्हाळ व्हायची, फटकळ असली तर हसतमुख. पाहुण्यांनाही हे ठाऊक असायचं. लोक किती जीव तोडून खोटं बोलतात यावरून मुलगी पेठेला किती प्यारी आहे ते त्यांना कळायचं, आणि तेवढंच त्यांना हवं असायचं.

माझी अक्का एकोणीस वर्षांची झाली तरी तिचं जमत नव्हतं. तेव्हा एकोणीस म्हणजे फार. एका ठिकाणी पत्रिका आडवी आली, दुसरे लोक रंगावर नाक मुरडून गेले. दुसऱ्या वेळी तर अक्का चार दिवस विहिरीवर गेली नाही, तिच्या वाट्याचं पाणी मी ओढलं. मी तेव्हा बारा वर्षांची. नातेवाइकांची पत्रं यायची त्यांत आता एखाद्या बिजवराचं स्थळ सुचवलेलं असायचं. आई ती पत्रं चुलीत घालायची, पण वाचून घालायची.

मग उदगीरकडून एक स्थळ आलं. मुलगा शाळेत मास्तर. त्यानं कळवलं होतं की मुलीला वाचता येत असेल तरच पुढं बोलू. अक्काला बाबांनी मराठी शिकवलेलं होतं, वर थोडं उर्दूही. त्या दिवशी विहिरीवर ती मला हळूच म्हणाली, “त्यांच्या घरी पुस्तकांची दोन कपाटं हायत म्हणं. दोन.” तिनं दोन बोटं अशी वर धरली होती की पोहरा विहिरीत सुटला. आमच्या घरात पुस्तकं म्हणजे एक पोथी आणि एक पंचांग. मला तेव्हाच कळलं की हे लग्न अक्काला हवं आहे, आणि ते मोडलं तर ती पुन्हा कुणासमोर बसणार नाही.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी चाचीनं मला बोलावलं. ती जरा घाबरली होती. गवाहीचं शेवटचं घर तिचं होतं, कारण आमच्या घराला सगळ्यात जवळचं तेच.

“मैं क्या बोलूं गे?” चाचीनं विचारलं. “उसकी सिलाई का बोलूं?”

मी कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “शिलाई कुणीबी सांगंल, चाची. तुमच्याबिगर कुणाला सांगता येणार न्हाई असं कायतरी सांगा.”

मला त्या वयात सगळंच कळत होतं. आता वाटतं, कुणीतरी माझ्या थोबाडीत मारायला हवी होती.

चाचीशिवाय कुणाला सांगता येणार नाही अशी गोष्ट म्हणजे काय, हे सांगायला थोडं मागं जावं लागेल. माझ्या जन्मानंतर आई सहा महिने अंथरुणावर होती. आजी हयात नव्हती, गावाकडून कुणी आलं नाही. तान्ह्या मला अव्वानं सांभाळलं, आणि सात वर्षांची अक्का बोळ ओलांडून चाचीच्या घरी गेली. सकाळची भाकरी तिथं, संध्याकाळची खिचडी तिथं. चाचीनं तिच्यासाठी एक मडकं वेगळं काढलं होतं. त्यात कधी मांस शिजवायचं नाही, दुसरा चमचा घालायचा नाही. पोरीचा धर्म पोरीपाशी राहिला पाहिजे, असं चाचीचं म्हणणं. बाबा कचेरीतून येताना चाचीच्या चुलीपाशी अक्काला जेवताना बघायचे आणि चष्मा पुसायला लागायचे. चष्मा पुसून होईपर्यंत अक्काचं जेवण झालेलं असायचं. बाबांनी काही पाहिलं नाही.

आई बरी झाली तरी अक्काची ती सवय गेली नाही. हे पेठेत सगळ्यांना ठाऊक होतं. इतकं ठाऊक होतं की ही पेठेबाहेर सांगायची गोष्ट नाही, याचा सगळ्यांना विसर पडला होता. आमची चूक झाली ती ही. दुसऱ्या कुठल्या गावात ती झाली नसती.

पाहुणे बैलांच्या दमणीतून आले. मुलगा, त्याचे काका आणि आत्या. मुलाचे वडील नव्हते, आत्यानंच त्याला वाढवलेलं, त्यामुळं सगळं तिच्या शब्दावर चालायचं. ती अंगानं लहानखुरी, पण ती बसली की ओटा भरल्यासारखा वाटायचा. आमच्या घरात मुलगी बघणं झालं. मास्तरांनी अक्काला वाचायला लावलं आणि अक्कानं न अडखळता वाचलं. मधेच एका शब्दावर तिनं मान वर करून विचारलं, “हे छापताना चुकलं असंल न्हवं?” मास्तर पुढं झुकून बघू लागले आणि म्हणाले, “खरंच की.” मी दाराआड होते. मला वाटलं, झालं, जमलं. आत्यानं कुंकू लावलं ते जरा जास्तच लावलं, तेही मी पाहिलं.

मग गवाही निघाली. कोहिनूरकरांच्या ओट्यावर शेंगापोळी झाली आणि अक्काच्या हातची पोळी कधी फाटत नाही असं सांगून झालं. ती नेहमी फाटायची. अव्वानं सांगितलं की पोरगी कोंबड्याच्या आधी उठते. अक्का उठायची तेव्हा कोंबडा दाणे टिपून सावलीला बसलेला असायचा. काकांना कानडी येत होतं, ते अव्वाशी त्यांच्या दुबलगुंडीच्या कुणा ओळखीच्याबद्दल बोलत बसले. हसणं चाललं होतं. मग सगळे चाचीच्या ओट्यावर आले.

चाचीनं चटई झटकून घातली होती. पाहुणे तिच्या घरचं पाणी घेणार नाहीत हे तिला ठाऊक होतंच, म्हणून तिनं पानसुपारी ठेवली आणि आत्याचा हात मागितला. पाहुणीला रिकाम्या हातानं कशी पाठवायची? डझनभर हिरव्या बांगड्या तिनं काढून ठेवल्या होत्या. बांगडी मणेरणीच्या हातची चालते, त्याला कुणाची ना नसते. आत्यानं हात पुढं केला. चाचीची बोटं चालू झाली आणि तोंडही.

“बाई, मैं क्या सांगू? ये बच्ची मेरे हात पे बडी हुई. छे म्हैने मेरे चूल्हे के पास बैठको खाई.” दोन बांगड्या गेल्या. चाचीचा चेहरा नुसता फुलला होता. “पर उसका धरम उसके पास रहना बोलको मैं अलग हांडी रखी. उसमें कभी गोश्त नईं पकाई. पूछो पेठ में किसीकू भी.”

आत्यानं हात ओढून घेतला. तिसरी बांगडी पिचली.

“कुणाच्या चुलीजवळ?” आत्यानं विचारलं. चाचीला नव्हे, काकांना.

चाची बांगडीचे तुकडे वेचत म्हणाली, “लगी तो नईं ना?” तिला अजून कळलं नव्हतं. अव्वाला कळलं, कारण ती दोन पावलं पुढं आली आणि पहिल्यांदाच तिला तिन्हीपैकी एकाही भाषेत काही सुचलं नाही. मी मात्र तिथंच बोळात उभी होते. हे वाक्य मी मागवलेलं होतं.

आत्या उठली. आरडाओरडा काही केला नाही. “दमणी जोडा,” एवढंच म्हणाली. काकांनी तिला कसंबसं थांबवलं, बैल थकलेत म्हणाले, आणि पाहुणे वेशीजवळच्या धर्मशाळेत उतरले.

दुपारी काका एकटेच आमच्याकडं आले. सज्जन माणूस. बसले, सुपारी कातरली, खाल्ली नाही. मग बाबांना म्हणाले, “मुलगी पसंत हाय. पोरगा तर मोडायचं ऐकायलाच तयार न्हाई. ताईंना मी समजावलंय. त्या म्हणायल्यात, त्या बाईच्या तोंडून भलतंच गेलं असंल. उद्या सकाळी निघायच्या आधी त्या बाईनं येऊन चौघांसमोर म्हणावं, की पोरीनं तिच्या घरी कधी खाल्लं न्हाई. मग आम्ही काय ऐकलंच न्हाई.”

खरं काय ते काकांना ठाऊक होतं, आत्यालाही ठाऊक होतं. त्यांना फक्त सोयरिकीत परत यायला एक दार हवं होतं, आणि ते दार चाचीच्या घरातून जात होतं.

काका गेल्यावर बाबा आईला म्हणाले, “तू जाऊन सांगतीस का?”

आई उसळली. माझी आई उसळायची नाही, पण त्या दिवशी उसळली. “मी? जिनं माझं लेकरू जगवलं तिला मी सांगू, की खोटं बोल, तू काय केलंच न्हाईस म्हणून? माझी जीभ झडंल.”

“मग राहू दे लगीन,” बाबा म्हणाले. ते चिडून म्हणाले नाहीत. विचारल्यासारखं म्हणाले.

आई अक्काकडं वळली. “तू सांग. लगीन तुझं हाय.”

अक्का चुलीपाशी बसली होती. तिनं मांडीवरचा पदर सरळ केला, पुन्हा सरळ केला. मला वाटलं ती म्हणेल, नको. मी वाटच बघत होते. आमच्या दोघींत ती शहाणी, ती धीट, छापलेला शब्द चुकला हे परक्या माणसाला सांगणारी. ती खाली बघत म्हणाली, “चाची आपण होऊन म्हणल्या... तर म्हणू द्या.”

मी तिच्याकडं बघितलं ते इतक्या रागानं बघितलं की तिनं मान वर केलीच नाही. आता माझं वय तिच्या तेव्हाच्या वयाच्या कितीतरी पट झालं आहे आणि तो राग मला आठवतो, पण येत नाही. दोन कपाटं पुस्तकं होती हो. आणि नाहीतर तो बिजवर.

सकाळी मी चाचीकडं गेले. काय सांगायचं ते मी ठरवलेलं नव्हतं. माफी मागायची की मागणी करायची, तेही नाही. पण चाची दारातच होती, नमाजाची पांढरी ओढणी घेतलेली, पायांत चपला. अव्वानं तिला सगळं सांगितलं होतं. पेठेत एखादी गोष्ट कुणी न सांगता राहणं शक्यच नव्हतं.

“चाची,” मी म्हणाले आणि रडायला लागले.

“कामून रडायलीस?” ती मराठीत म्हणाली. माझ्याशी लाडानं बोलायचं असलं की ती मराठीत बोलायची. “गवाही देना बाकी है. चल.”

धर्मशाळेच्या अंगणात दमणी जोडलेली होती. आत्या ओवरीत बसलेली, मास्तर खांबाला टेकून उभे, काका बैलांपाशी. बाबा आमच्या मागून आले आणि लांबच थांबले. चाची अंगणात उभी राहिली, ओवरीची पायरी चढली नाही.

“बाई,” ती आत्याला म्हणाली, “मैं बुढ्ढी औरत, बोलने में हद नईं रहती. कल मैं झूट बोली. उस बच्ची की तारीफ होना बोलको बोली. उनो मेरे घर कभी नईं खाई. पानी भी नईं पी. बाहर उंबरे पे खडी रहती थी.”

एवढं बोलताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. मी आयुष्यात पुष्कळ लोकांना खरं बोलताना अडखळलेलं पाहिलं आहे.

मास्तर जमिनीकडं बघत होते. त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं मला तेव्हा वाटलं, अजून वाटतं. ते बोलले नाहीत. त्या अंगणात बोलायची हिंमत असलेलं माणूस एकच होतं आणि ते बोलून मोकळं झालं होतं.

आत्या चाचीला म्हणाली, “आन ह्यापुढंबी असंच राहील न्हवं? पोरगी माहेराला येईल, जाईल.”

“हौ,” चाची म्हणाली. “जबान दी.”

आत्या पायरी उतरून खाली आली. तिनं हात पुढं केला. “कालच्या बांगड्या राहिल्यात,” ती म्हणाली. “तेवढ्या भर.”

चाचीनं कमरेच्या पिशवीतून बांगड्या काढल्या. म्हणजे ती घेऊनच आली होती. तिथंच उन्हात उकिडवी बसून तिनं आत्याच्या हातात बाकीच्या बांगड्या भरल्या. एकही पिचली नाही.

लग्न चांगलं झालं. सगळी पेठ राबली. अव्वानं तेलाचा डबा धाडला, कोहिनूरकरांनी शेंगांचं पोतं सोडलं. अक्काचा चुडा चाचीनंच भरला आणि भरताना नेहमीसारखं गाणंही म्हटलं. मी अक्काशी लग्नाआधी आठ दिवस आणि लग्नात एक शब्द बोलले नाही. निघताना ती माझ्या गळ्यात पडली तेव्हाही मी लाकडासारखी उभी होते. माझं स्वतःचं लग्न चार वर्षांनी ठरलं, पण माझ्या वेळी पेठेत गवाही फिरली नाही. कुणी बंद केली असं नाही. पाहुणे आले, मुलगी बघितली, गेले. शेजारी आपापल्या ओट्यावरून बघत राहिले. त्या दिवशी मला फार उघडंबोडकं वाटलं.

अक्काचं सासरी बरं चाललं होतं. मास्तर माणूस चांगला निघाला. पुस्तकांची दोन्ही कपाटं खरी होती, ती वाचायचीही. वर्षभरानं ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, सातवा महिना. त्याच दिवसांत ईद होती.

ईदला ज्या घरांत शिजवलेलं चालत नाही त्या घरांत चाची कोरड्या शेवया, साखर, खारीक, खोबरं ताटात घालून, वर रुमाल झाकून धाडायची. आमच्या घरी असं ताट कधी आलं नव्हतं. आमच्या घरच्यांनी तिच्याकडं जाऊन खायचं, हे ठरलेलं. त्या ईदच्या सकाळी अक्का न्हाली, हिरवं लुगडं नेसली आणि पोट सावरत बोळ ओलांडून गेली. मी मागोमाग. आमच्यात एव्हाना बोलणं सुरू झालं होतं.

चाचीनं तिला बघितलं आणि दोन्ही हातांनी तिच्या गालांवरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली. कितवा महिना, पाय सुजतात का, आंबट खावंसं वाटतं का, सगळं विचारलं. मग पाट आणला आणि उंबऱ्याच्या बाहेर, ओट्यावर मांडला. अक्का पाटाला वळसा घालून आत जायला निघाली. चाची आडवी आली नाही. नुसती म्हणाली, “हितं बस, बेटी.”

अक्का थांबली. आत चुलीवर दूध आटत होतं, खारकेचा वास बाहेरपर्यंत येत होता. “चाची,” ती म्हणाली, “हितं कोण बघायलंय? आत्याबाई उदगीरला हायत. मला भूक लागलीया. वाढा न्हवं.”

“क्या वाढूं?” चाची म्हणाली. ती रागावलेली नव्हती. खोटं सांगत नाही, ती हसत होती, जसं लहान पोरानं चंद्र मागितल्यावर हसतात. “तू मेरे घर कभी खाई नईं ना, बेटी.”

अक्का पाटावर बसली. चाची आत गेली, कोरड्या शेवया आणि साखर घेऊन आली, आणि अक्काच्या पदरात घालून तिनं गाठ मारली. घट्ट मारली, वाटेत सांडू नये म्हणून.

बोळ ओलांडायला किती वेळ लागतो? दहा पावलं. अक्काला त्या दिवशी फार वेळ लागला. घरात आल्यावर आईनं विचारलं, “एवढ्यात आलीस? जेवलीस का न्हाई?”

अक्का उभ्याउभ्या म्हणाली, “न्हाई आई. माझं माहेर गेलं.”